नातीच्या पुस्तकांतलं ऑक्सफर्ड

ऑक्सफर्डला जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे विद्यापीठ होतं, जुनी ग्रंथालयं होती, मॅक्स म्युलर होते. नातवंडांच्या लेखी यातलं काहीच नव्हतं. लेकीचं बिऱ्हाड रेडिंगला, तिथून रेल्वेने ऑक्सफर्ड जवळच. गाडी सुटली तशी नातीने हाताने काढलेला नकाशा माझ्या मांडीवर पसरला. त्यावर एकाही कॉलेजचं नाव नव्हतं. ‘लायराचा बाक’, ‘डोडो’, ‘नार्नियाचं दार’ असं काय काय लिहिलं होतं, आणि पार वरच्या कोपऱ्यात जावयांच्या अक्षरात ‘टॉल्कीन’. माझा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. वाचन झालं ते हरिभाऊ, नाथमाधव, पुढे पेंडसे, दळवी यांचं. नकाशावरच्या पुस्तकांपैकी एकही मी उघडलेलं नव्हतं. तेव्हा त्या दिवशी नात झाली बाई आणि मी विद्यार्थिनी.

पहिला मुक्काम क्राइस्ट चर्च कॉलेज. “आजी, ॲलिसची गोष्ट लिहिणारा तुझ्यासारखाच गणित शिकवायचा,” नातीने सांगितलं आणि मी कान टवकारले. लुईस कॅरल हे टोपणनाव. खरे चार्ल्स डॉजसन, याच कॉलेजात गणिताचे अध्यापक. 4 जुलै 1862 ला ते आणि त्यांचे मित्र डकवर्थ, कॉलेजचे डीन हेन्री लिडेल यांच्या तीन मुलींना होडीतून घेऊन निघाले. फॉली पुलापासून गॉडस्टोपर्यंत वल्ही मारत जायचं, म्हणजे मुलींना गोष्ट हवीच. डॉजसन वाटेत रचत गेले. मधली ॲलिस तेव्हा दहा वर्षांची. ही गोष्ट मला लिहून द्या, म्हणून तिने हट्ट धरला, आणि 1865 मध्ये पुस्तक आलं. मला आठवलं, आपल्याकडे हळब्यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी 1861 ची. इकडे आणि तिकडे एकाच सुमाराला माणसं अद्भुतात रमली होती.

भोजनगृहातल्या शेकोटीपाशी नातीने मला वाकायला लावलं. ओंडके अडवायला तिथे पितळी खांब आहेत आणि त्यांच्या टोकाला लांबच लांब मानेवर बसवलेली मुंडकी. ॲलिसची मान वाढत जाते ती कल्पना इथली, असं सांगतात. धाकट्या नातवाला यात रस नव्हता. त्याला हॅरी पॉटरच्या सिनेमातला दगडी जिना हवा होता. तो तिथेच आहे. दोनदा चढून-उतरून झाल्यावर गाडी पुढे सरकली.

बोटॅनिक गार्डनमध्ये मात्र माझा पुरता गोंधळ उडाला. ही बाग 1621 ची, ब्रिटनमधली सर्वांत जुनी वनस्पती-बाग. फिलिप पुलमन यांच्या तीन कादंबऱ्यांमधली लायरा ऑक्सफर्डची, पण दुसऱ्या एका जगातल्या ऑक्सफर्डची.

“ती राहते ते जॉर्डन कॉलेज कुठे आहे?”

“ते नाहीये, आजी. एक्झिटर कॉलेज आहे ना, तिच्या जगात त्या जागी जॉर्डन आहे.”

“आणि ही बाग?”

“ही दोन्हीकडे आहे.”

मग तिने नीट समजावलं. लायराच्या जगात प्रत्येकाचा जीव शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात सोबत वावरतो. त्याला डीमन म्हणतात. इथे मला धागा सापडला. सात समुद्रांपलीकडे पोपटात प्राण ठेवणारा राक्षस माझ्या आजीने मला सांगितला होता. मी तो तिथेच नातीला सांगितला आणि तिने तो मन लावून ऐकला. बागेच्या अगदी मागच्या अंगाला तो बाक आहे. लायरा एका जगात, तिचा जिवलग विल दुसऱ्या जगात. पुन्हा भेट होणे नाही. म्हणून वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या मध्यावर भर दुपारी, दोघांनी आपापल्या जगातल्या याच बाकावर तासभर बसायचं ठरवलेलं. बाकामागे दोघांच्या डीमनचं शिल्प 2019 मध्ये बसवलं, एक मांजर आणि एक मुंगसासारखा मार्टेन. नात बाकाच्या एका टोकाला बसली आणि दुसरी बाजू तिने मोकळी ठेवली. धाकटा तिथे बसायला निघाला, तर त्याला हाताने थोपवलं. ते पाहून मला कादंबरी अर्धी कळली.

सेंट मेरीज पॅसेजमधल्या दारापुढे फोटोसाठी रांग होती. दारावर सिंहासारखा चेहरा, दोन्ही बाजूंना सोनेरी फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड), पलीकडे दिव्याचा खांब. सी. एस. लुईस यांना आपल्या गोष्टींतला नार्निया हा अद्भुत देश इथेच सुचला, असं जो तो सांगत होता. लेकीने मात्र लुईस यांनी स्वतः लिहून ठेवलेली हकिगत सांगितली. बर्फातल्या रानात छत्री घेतलेला फॉन त्यांच्या मनात सोळाव्या वर्षापासून होता. जन्म 1898 चा, म्हणजे साल आलं 1914, आणि ते ऑक्सफर्डला शिकायला आले 1917 मध्ये. हिशेब जुळत नाही. तरीही दार सुंदर आहे. पण क्राइस्ट चर्चची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, कारण तिला तारीख आहे, नदी आहे, गोष्ट मागणारी मुलगी आहे.

निसर्गविज्ञान संग्रहालयातला डोडो पाहताना हेच वाटलं. ॲलिसमधला डोडो म्हणजे स्वतः डॉजसन, बदक म्हणजे डकवर्थ. ॲलिस सोडून होडीतली सगळी मंडळी त्यांनी पक्षी करून गोष्टीत बसवली. इथल्या डोडोच्या डोक्याला आजही कातडी चिकटून आहे. 2018 मध्ये त्याचं स्कॅन केलं तेव्हा कवटीत शिशाचे छर्रे निघाले. धाकटा पहिल्यांदाच गप्प झाला. “कुणी मारलं त्याला?” याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

शेवटी बसने वुल्व्हरकोटचं कब्रस्तान. एक्झिटर कॉलेजातच शिकलेले लेखक टॉल्कीन 1973 मध्ये गेले, पत्नी ईडिथ त्याआधी दोन वर्षं. दोघांच्या थडग्याच्या दगडावर तिच्या नावाखाली ‘लूथिएन’ आणि त्यांच्या नावाखाली ‘बेरेन’ कोरलंय. टॉल्कीन यांनीच रचलेल्या प्रेमकथेतली ही जोडी. एरवी मोजकं बोलणारे आमचे जावई तिथे बराच वेळ मुलांना ती कथा सांगत होते, आणि मीही ऐकत उभी होते.

मुलांना घेऊन ऑक्सफर्डला जाणार असाल तर वाट त्यांना ठरवू द्या. त्यांच्या आवडीचं निदान एक पुस्तक मोठ्यांनी आधी वाचून जावं, मी न वाचता गेले. क्राइस्ट चर्च आणि बाग यांना तिकीट आहे, डोडो पाहायला पैसे पडत नाहीत.