चि. मोत्यास, शेजारणीचं अनावृत पत्र

चि. मोत्या यास,


परवा सोसायटीच्या सभेत तुझा विषय निघाला. कुणी म्हणालं याला वळण नाही, कुणी म्हणालं विजेचा पट्टा बांधा, एकाने तर कुत्रा देऊन टाका म्हणून सांगितलं. तुझ्या आजी मान खाली घालून ऐकत होत्या. तिथल्या गलक्यात जे नीट मांडता आलं नाही ते इथे सगळ्यांदेखत लिहिते, कारण प्रत्येक इमारतीत एखादा मोत्या असतो आणि त्याच्याबद्दल हेच बोललं जातं.

माझ्या मते तुझी अडचण अशी आहे की तुझं प्रत्येक भुंकणं यशस्वी होतं. बेल वाजते, तू दाराशी धावतोस, कुरिअरवाला पाकीट देतो आणि जिना उतरतो. तो जाणारच असतो, पण तुझ्या हिशेबी तू त्याला पळवलंस. दूधवाला, पेपरवाला, सिलिंडरवाला, मीटर बघायला येणारा, सगळे येतात आणि सगळे पळतात. ज्याला एकदाही हार माहीत नाही त्याने पहारा का सोडावा? त्यात आजी आतून ओरडतात, "गप रे मेल्या!" तुला वाटत असणार, घरची माणसंही आपल्या जोडीने भुंकायला लागली.

शिवाय हे तुझ्या रक्तातच आहे. तुला सगळे पॉमेरियन म्हणतात, पण आपल्याकडचे हे पांढरे, झुबकेदार शेपटीचे कुत्रे बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतात. स्पिट्झ कुळातली कुत्री चाहूल लागताच वर्दी देण्यात पटाईत, आणि माणसाने त्यांना जवळ केलं तेही पुष्कळदा त्यासाठीच. मोठा झालेला लांडगा क्वचितच भुंकतो. इतकं भुंकणं तुम्हाला माणसाच्या सोबतीत आलं. बुडापेस्टच्या ओटव्होश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी मुडी जातीच्या मेंढपाळ कुत्र्यांचं भुंकणं ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवलं. कोणतं भुंकणं अनोळखी माणसावरचं, कोणतं खेळातलं, कोणतं एकटेपणाचं, हे लोकांना नुसत्या अंदाजापेक्षा बरंच चांगलं ओळखता आलं. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता त्यांनाही. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे कान आम्हालाही आहेत. ‘हा भुंकतो’ एवढ्यावर न थांबता ‘आत्ता कशासाठी भुंकतो’ हे आम्ही विचारायला हवं.

तुझं मुख्य दुखणं बेलचं. म्हणून आजींना मी सांगितलं, बेलचा आवाज मोबाइलवर घ्या आणि अगदी बारीक लावा. इतका बारीक, की तू फक्त कान टवकारशील. त्याच क्षणी पनीरचा तुकडा. पुन्हा आवाज, पुन्हा तुकडा. असं थोडं थोडं, दिवसातून दोनतीन वेळा. बेल म्हणजे पनीर हे तुझ्या मनात पक्कं झालं की आवाज एकेक पायरी वाढवायचा. मध्येच भुंकलास तर पायरी मोठी घेतली असं समजून मागे यायचं, रागवायचं नाही. मग हॉलच्या कोपऱ्यात तुझी छोटी सतरंजी. बेल झाली की तिथे जाऊन बसायचं, खाऊ तिथेच मिळेल. "बस" हा शब्द एकदाच, हळू आवाजात. तू दोन क्षण गप्प राहिलास की लगेच बक्षीस, मग पाच क्षणांनी, मग दहा. हे शिकेपर्यंत खिडकीच्या खालच्या काचेला कागद चिकटवायचा आणि दारावर ‘बेल वाजवू नका, फोन करा’ अशी पाटी लावायची, कारण जुनी सवय रोज घोटली जात असेल तर नवी रुजत नाही.

जेवणाच्या ताटाशी भुंकतोस ते वेगळं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव आम्हाला प्रिय, आणि तुझ्या आजीही त्याच वळणाच्या. पण तू भुंकत असताना तुकडा मिळाला तर तू भुंकणंच शिकशील. तो द्यायचा तू गप्प बसल्यावर. पहिले काही दिवस तू आधीपेक्षा जास्त ओरडशील, कारण आजवर चाललेली युक्ती एकाएकी बंद पडते. नेमक्या त्या दिवसांत आजोबांनी टेबलाखालून तुकडा सरकवला, की जास्त वेळ ओरडलं तर मिळतं हे तू कायमचं शिकलास. घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा. हे मी आजोबांना हात जोडून सांगितलं आहे.

घर रिकामं झालं की तू दार ओरबाडत रडतोस, ते मात्र हट्टाचं नव्हे, भीतीचं आहे. त्याला पनीर पुरणार नाही. तुला मिनिटामिनिटाने एकटं राहायची सवय लावावी लागेल, पशुवैद्यांचीही मदत घ्यावी लागेल. म्हातारपणी एकाएकी भुंकणं वाढलं तरी आधी त्यांनाच दाखवायचं. ऐकू कमी येणं, कुठेतरी दुखणं अशी कारणं निघतात.

आता त्या पट्ट्याविषयी. तू भुंकलास की गळ्याला झटका बसणार. त्या वेळी समोरून तळमजल्यावरची चिमुकली जात असेल, तर तू झटक्याचा संबंध तिच्याशी जोडशील. भुंकायचीही चोरी झालेला घाबरलेला कुत्रा इशारा न देता चावू शकतो. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बेकायदा आहेत. स्वरतंतू कापून कुत्र्याचा आवाज घालवण्याला युरोपच्या १९८७ च्या पाळीव प्राणी संरक्षण करारात मनाई आहे. आपल्याकडे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती मानतात आणि रात्री कुत्र्याला शांत ठेवण्याची काळजी पालकांनी घ्यावी असंही सांगतात. दोन्ही मला रास्त वाटतं. चौथ्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून दुपारी झोपते, तिची झोपही खरी आहे.

म्हणून तुला मुकं करायचं कुणाच्याही मनात नसावं. दाराशी कुणी आलं तर दोनतीनदा भुंक, घरच्यांना कळव आणि सतरंजीवर ये. तेवढं भुंकण्याचा तुझा हक्क आहे, आणि तो तुझ्याकडे राहावा म्हणून पुढच्या सभेत मी पुन्हा उभी राहणार आहे. बेलचा सराव आजींनी सोमवारपासून सुरू करायचं ठरवलं आहे. संध्याकाळी मोबाइल घेऊन मी खाली येईन.

तुझी,
वरच्या मजल्यावरची मावशी