शेवळं खोडू नका!

मित्रांनो, या पानावर आता आपली वरचेवर गाठ पडणार, म्हणून आधी माझी ओळख करून देते. मी लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासते. या दुसऱ्या कामाला संपादन म्हणतात. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, पाल्हाळ कापायचं, बोजड वाक्य सोपं करायचं. सगळं बैठं काम! पण खरी आवड भटकण्याची. डहाणू रोडला गाडीतून उतरायचं आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांतून समुद्रावरच्या सुरूच्या बनात जायचं, नाहीतर पूर्वेला तलासरीच्या पाड्यांवर हिंडायचं.

"या दोन गोष्टींचं जमतं कसं?" तुमचे आईबाबा विचारतील. सांगते.

एकदा शाळकरी मुलांचे 'पावसाळा' या विषयावरचे निबंध माझ्याकडे आले. बहुतेकांत मोर थुईथुई नाचत होता आणि धरती हिरवा शालू नेसून बसली होती. तलासरीकडच्या एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, "पाऊस आला की आई शेवळं काढाया जाते. काकडं नाय घातली तर घसा खाजतो." कुणीतरी 'शेवळं' खोडून वर 'भाजी' लिहिलं होतं.

शेवळं म्हणजे नुसती भाजी नव्हे! पावसाच्या तोंडावर रानात जमिनीतून त्यांचे कोंब वर येतात. आधी फुलोरा, पानं मागाहून. त्यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. काकडाची आंबट फळं घातली की खाज मोडते. हे सगळं त्या मुलीला आईच्या मागे रानात जाऊन कळलं होतं. मी 'शेवळं' पुन्हा जागेवर बसवली. 'काढाया'लाही हात लावला नाही. मोर मात्र बरेच कापले!

मुलांकडून शिकायचं तर मुलं असतील तिथं जावं लागतं. डहाणू तालुक्यात हे फार पूर्वी घडलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जात, त्यामुळे शाळा बुडे. मग शाळाच कुरणात गेली. तीच कुरणशाळा! आणि गंमत म्हणजे ताराबाई 'शिक्षणपत्रिके'च्या संपादक होत्या, तर अनुताईंनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक लिहिलं. म्हणजे लेखणी आणि पायवाट यांचं जुनंच सख्य आहे.

तेव्हा या रविवारी अर्धा तास बाहेर पडा. शेत, खाडी, नाहीतर घराजवळचं एखादं झाड बघा. पाच वाक्यं लिहा. घरी जो शब्द वापरता तोच लिहा.

आणि पालकहो, वहीत अनोळखी शब्द दिसला तर लगेच खोडू नका. आधी त्याचा अर्थ मुलालाच विचारा.