आवाजाची ठेव

वसईच्या आमच्या घरी लाकडी कपाटाच्या तळाशी एक कॅसेट आहे. १९८६ च्या उन्हाळ्यात आम्ही भावंडांनी आजीला पुढ्यात बसवून सामवेदी बोलीतील लग्नाची गाणी तिच्याकडून म्हणवून घेतली, ती या कॅसेटमध्ये आहेत. ही गाणी मांडवात बायकांनी मिळून गायची. यंत्रासमोर एकटीने गायला आजी लाजली. शेवटी एका अटीवर तयार झाली. ज्यांच्या घरी लग्न असेल त्यांना ती ऐकवायची. आम्ही माना डोलावल्या. पुढे आजी देवाघरी गेली, गावात कितीतरी लग्ने झाली आणि कॅसेट कपाटातच राहिली.

ती आम्हाला बोचू लागली, थिओडोर स्ट्रेहलो या ऑस्ट्रेलियन मानववंशशास्त्रज्ञाची कहाणी वाचताना.

मध्य ऑस्ट्रेलियात फिंक नदीच्या काठी हर्मान्सबर्ग येथे जर्मन ल्यूथरन मिशनऱ्यांनी १८७७ साली आपले ठाणे वसवले. १८९४ मध्ये तेथे आलेले पास्टर कार्ल स्ट्रेहलो यांनी अरन्ते आदिवासींची भाषा आत्मसात केली, नवा करार तीत उतरवला, वृद्धांच्या तोंडून त्यांच्या कथा व गीते लिहून घेतली. परंतु ज्या विधींत ती गीते गायली जात, ते विधी पाहायला मात्र ते कधी गेले नाहीत. भाषेवर माया आणि विधीकडे पाठ, असे ते नाते होते. मिशनरी म्हणून त्यांना दुसरे काही सुचले नसावे. आपल्याही इतिहासात अशी माणसे होऊन गेली आहेत, म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवताना आमचा हात अडखळतो.

त्यांचा मुलगा थिओडोर १९०८ साली तेथेच जन्मला, अरन्ते मुलांबरोबर खेळत, त्यांचीच भाषा बोलत वाढला. १९२२ मध्ये वडील गंभीर आजारी पडले. उपचारांसाठी त्यांना घोडागाडीतून फिंक नदीच्या वाटेने नेत असताना हॉर्सशू बेंड येथे त्यांनी प्राण सोडला. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. दहा वर्षांनी तो अॅडलेडहून शिक्षण घेऊन परतला आणि उंटांवर सामान लादून त्याच वाळवंटात गीते गोळा करत फिरू लागला. आधी वही-पेन्सिल घेऊन, पुढे ध्वनिमुद्रण यंत्र आणि कॅमेरा घेऊन.

अरन्ते श्रद्धेनुसार आदिपूर्वज ज्या वाटेने गेले, तेथील डोंगर, पाणवठे त्यांच्यामुळे घडले. वाटेच्या प्रत्येक टप्प्याचे गीत आहे. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो. तेथे गीत हाच सातबारा. ते कोणी गावे, कोणी ऐकावे, याचे नियम कडक. मग वृद्धांनी ते एका गोऱ्या माणसाला का दिले? कारण तरुण पिढी मिशनमध्ये किंवा गोऱ्यांच्या गुरांच्या कुरणांवर गेली होती, आणि ऐकून जपणारा वारस त्यांना दिसत नव्हता. ज्या मिशनच्या सावलीत ती गीते मुकी होऊ लागली, त्याच मिशनच्या पुत्राच्या हाती ती सोपवली गेली.

त्या ठेवीतून १९७१ साली ‘साँग्ज ऑफ सेंट्रल ऑस्ट्रेलिया’ हा थोर ग्रंथ झाला. पण या ठेवीचे आपणच शेवटचे वारस, अशी स्ट्रेहलोंची समजूत होत गेली. १९७८ मध्ये गुप्त विधींची त्यांची छायाचित्रे ‘श्टर्न’ या जर्मन साप्ताहिकात छापली गेली. विश्वासाने दाखवलेले चव्हाट्यावर आले, मोठा क्षोभ झाला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. मात्र वारस संपले नव्हते. १९९१ साली अॅलिस स्प्रिंग्जला त्यांच्या संग्रहाचे केंद्र उघडले. आज अरन्ते माणसे स्वतः तेथे आजोबा-पणजोबांचे आवाज ऐकतात आणि कोणते गीत कोणी ऐकावे हे सांगतात.

आमच्या कॅसेटच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९८६ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याच अॅलिस स्प्रिंग्जमध्ये आदिवासींना सांगितले होते, की तुमची देणगी आनंदाने स्वीकारली जाईपर्यंत ऑस्ट्रेलियातील ख्रिस्तसभा प्रभूला हवी तशी होणार नाही. २०१५ साली तेथील आदिवासी महिलांचे गायकवृंद, मिशनऱ्यांनी शिकवलेली जुनी ल्यूथरन भक्तिगीते आपल्या भाषांत गात जर्मनीला जाऊन आले. ज्यांनी दिले, त्यांच्या दारी ते परत पोहोचले.

तालंतांच्या दाखल्यातील तिसऱ्या चाकराने धन्याचे धन चोरले नव्हते, फक्त पुरून ठेवले होते. आम्हीही तेच केले. म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर कॅसेट बाहेर काढली. एक बाजू बुरशीने गेली होती. दुसरी कशीबशी वाजली. पुतणीच्या लग्नाच्या मांडवात ती लावली, तेव्हा शेजारच्या दोघी वृद्धा म्हणाल्या की ही ओळ अशी नाही, आणि आजीच्या आवाजावर आवाज चढवून गाऊ लागल्या. बाकीच्या बायका त्यांच्या मागे म्हणू लागल्या. आम्ही यंत्र बंद केले.

बुरशी लागलेल्या बाजूवर कोणती गाणी होती, हे सांगणारे मात्र आता आमच्या घरात कोणी नाही. वाचकहो, आपल्याही कपाटात अशी एखादी कॅसेट असेल, तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका.