आपापल्यात राहणाऱ्यांची बाजू

अमेरिकेत आलेल्या माणसाने आपल्याच भाषेच्या लोकांत घोळक्याने राहू नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. नव्या देशात आलात, तर तिथल्या माणसांत मिसळा, त्यांची भाषा घरात आणा. जुन्या गावाची छोटी प्रतिकृती उभारून तिच्यात बसून राहू नका. मी ह्यूस्टनमधल्या एका सार्वजनिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात व्हिएतनाम, होंडुरास, मेक्सिको, नायजेरिया अशा ठिकाणांहून आलेल्या घरांतली मुलं असतात. त्यांच्या आईवडिलांना मी कळकळीने सांगत असे, की घरी इंग्रजीच बोला आणि मुलांना आपल्या वस्तीबाहेर खेळायला पाठवा. मीही तसंच वागले. इथल्या मराठी मंडळापासून दूर राहिले आणि मुलीला रविवारच्या मराठी शाळेत घातलं नाही. यात तुटकपणा नव्हता. आपापल्यात राहणारी माणसं कायमची पाहुणी राहतात आणि त्याची किंमत त्यांची मुलं मोजतात, असं मला मनापासून वाटत होतं.

आज मी असं मानत नाही. माझं मत बदललं ते टेक्सासमधल्याच शुलेनबर्ग नावाच्या छोट्या गावामुळे आणि त्याच्या आसपासच्या वाड्यांमुळे. काय बदललं आणि का, हे नीट मांडावंसं वाटतं. कारण माझं जुनं मत आजही पुष्कळ शहाण्या माणसांचं मत आहे.

ह्यूस्टनहून सॅन अँटोनियोला जाताना साधारण निम्म्या वाटेवर, फेयेट काउंटीत शुलेनबर्ग लागतं. वस्ती तीन हजारांच्या आत. १८७३ सालच्या अगदी शेवटी इथे रेल्वे पोचली आणि गाव उभं राहिलं. ज्याच्या जमिनीवर स्टेशन झालं, त्या लुई शुलेनबर्गचं नाव गावाला मिळालं. जवळच्या हाय हिल या भरभराटीच्या गावाने रेल्वेला वाट द्यायला नकार दिला होता. मग रेल्वे शुलेनबर्गवरून गेली आणि हाय हिलचा व्यापारही तिच्यामागे गेला. दोन्हीकडचे लोक मुख्यतः जर्मन आणि चेक. चेक म्हणजे बोहेमिया आणि मोराविया या प्रांतांतले, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे प्रजाजन.

हे लोक इतक्या लांब आले कसे? पत्रांमुळे. फ्रीडरिक अर्न्स्ट नावाचा जर्मन गृहस्थ १८३१मध्ये टेक्सासात स्थायिक झाला. त्याने घरी पाठवलेलं पत्र जर्मनीत हातोहात फिरलं आणि माणसं निघाली. चेक लोकांच्या बाबतीत हे काम योसेफ बर्गमान या धर्मोपदेशकाच्या पत्रांनी केलं. १८५१मध्ये निघालेल्या पहिल्या मोठ्या चेक जथ्यातली निम्म्याच्या आसपास माणसं प्रवासात किंवा पोचल्यावर लगेच मेली. तरीही पुढचे जथे आले. १८५६मध्ये शुलेनबर्गजवळ डुबिना वसलं. टेक्सासमधली पहिली पूर्णपणे चेक वसाहत म्हणून ते ओळखलं जातं.

आता ही माणसं आल्यावर कशी राहिली ते पाहा. त्यांनी आपापली चर्च बांधली आणि ती आपल्या देशातल्यासारखी रंगवली. हाय हिल, डुबिना, अमन्सव्हिल आणि प्राहा इथली चर्च आज ‘रंगवलेली चर्च’ म्हणून प्रसिद्ध आहेत. बाहेरून साधी दिसणारी, आत गेल्यावर मात्र छतापर्यंत वेलबुट्टी, तारे, देवदूत, संगमरवराचा भास व्हावा असे रंगवलेले लाकडी खांब. हाय हिलच्या खिडक्यांवर जर्मन अक्षरं आहेत, चेक गावांतल्या कबरींवर चेक. प्रवचन आपल्या भाषेत, शाळा आपल्या भाषेत, वर्तमानपत्र आपल्या भाषेत. नाचायला आपली सभागृहं, वाजवायला आपले बँड. विम्याच्या संस्थासुद्धा आपल्याच. फेयेट काउंटीचं मुख्य ठिकाण ला ग्रेंज. तिथल्या बैठकीतून १८९७मध्ये एसपीजेएसटी ही चेक लोकांची परस्पर साहाय्य संस्था सुरू झाली. सभासदांनी वर्गणी भरायची आणि घरातला कर्ता माणूस गेला, की संस्थेने कुटुंबाला पैसे द्यायचे. कॅथॉलिक चेकांची केजेटी ही संस्था त्याआधीच, १८८९मध्ये निघाली होती. घराला आग लागली तर भरपाई मिळावी म्हणून शेतकऱ्यांनी १९०१मध्ये आणखी एक संस्था काढली.

म्हणजे जन्मल्यापासून मरेपर्यंत या माणसांना आपल्या भाषेबाहेर पडायची फारशी गरजच नव्हती. १८९० साली मी तिथे शिक्षिका असते, तर या लोकांचं काही खरं नाही, असंच म्हणाले असते. म्हणूनच त्यांचं पुढे काय झालं, याने मला विचारात पाडलं.

डुबिना वसवणाऱ्या कुटुंबांत ऑगुस्टिन हायदुशेक नावाचा एक मुलगा होता. तो वकील झाला. १८७५मध्ये ला ग्रेंजचा महापौर, पुढे टेक्सासच्या विधिमंडळाचा सदस्य, मग काउंटीचा न्यायाधीश. १८८५पासून ‘स्वोबोदा’ हे चेक वर्तमानपत्र त्याने चालवलं. आणि याच माणसाने चेक मुलांना शाळेत इंग्रजी शिकवलंच पाहिजे असा आग्रह धरला, त्यासाठी आपल्याच लोकांचा राग ओढवून घेतला. माझ्या जुन्या हिशेबात या दोन गोष्टी एका माणसात मावत नव्हत्या. एक तर तुम्ही मागचं धरून बसता किंवा पुढचं धरता, असा तो हिशेब. हायदुशेकचं आयुष्य वाचताना मला तो हिशेब पहिल्यांदा तोकडा वाटला. इंग्रजी शिका असं त्याने आपल्या लोकांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. ते एखाद्या परक्याने दटावून सांगितलं असतं, तर किती जणांनी ऐकलं असतं? शिवीगाळ झाली तरी ती घरातली होती आणि माणूसही घरातला होता.

मग मी या संस्थांकडे नव्या नजरेने पाहू लागले. चेक शेतकऱ्याला ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात १८४८पर्यंत जमीनदाराकडे वेठ करावी लागे. अशा घरांतली माणसं दोन पिढ्यांच्या आत टेक्सासात सभा बोलावत होती, अध्यक्ष आणि खजिनदार निवडत होती, इतिवृत्त लिहीत होती, वर्गणीचा चोख हिशेब ठेवत होती, अधिवेशनाला प्रतिनिधी पाठवत होती. लोकशाही चालवण्याचं शिक्षण त्यांना आपल्या सभागृहात, आपल्या भाषेत मिळालं. तिथे बोलायची भीड चेपली, म्हणून पुढे काउंटीच्या कचेरीत बोलता आलं. विम्याचंही तसंच. आपण मेलो तर बायकापोरं उघड्यावर पडणार नाहीत, एवढी खात्री असलेला माणूस नवी जमीन घेतो, मुलाला लांब शिकायला पाठवतो. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याला धाडस परवडत नाही. मिसळा असं सांगणं सोपं आहे; मिसळायला अंगात बळ लागतं आणि ते बळ आधी आपल्या माणसांतून येतं.

खरं तर हे मला माझ्याच घरातून कळायला हवं होतं. माझे आजोबा कोकणातून मुंबईला गिरणीत कामाला गेले, तेव्हा गावकीच्या खोलीत राहिले. एका खोलीत एकाच गावचे पुष्कळ चाकरमानी, पाळीपाळीने झोपणारे. नोकरी लावून देणं, आजारपणात पैसे उभे करणं, मेल्यावर शेवटचं सगळं करणं, हे गावकीच पाही. त्या खोलीने त्यांना मुंबईपासून तोडलं नाही. त्या खोलीमुळेच ते मुंबईचे झाले. हे ऐकतच मी मोठी झाले, पण अमेरिकेतल्या माणसांना ते लागू असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही.

या चेक आणि जर्मन लोकांनी टेक्सासला काय दिलं, हे पाहिलं की घोळक्याने राहणं म्हणजे दार लावून बसणं नव्हे, हे पटतं. टेक्सासचं बार्बेक्यू आज जगभर गाजतं. त्याची एक मोठी परंपरा जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून आली; लॉकहार्टमधलं क्रॉइट्झ मार्केट १९००पासून आहे. या लोकांचं अकॉर्डियन आणि त्यांची पोल्का दक्षिण टेक्सासमधल्या मेक्सिकन वादकांनी उचलली आणि त्यातून कोनहुंतो हे संगीत घडलं. नार्सिसो मार्तिनेस या थोर वादकाने किती तरी चाली चेक आणि जर्मन शेजाऱ्यांकडून घेतल्या. फळांचं किंवा चीजचं सारण भरलेला कोलाचे हा गोड पाव ह्यूस्टनमध्ये सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. तो विकणारी डोनटची दुकानं पुष्कळदा कंबोडियातून आलेल्या कुटुंबांची असतात. आणि ज्या सॉसेज घातलेल्या पावाला ह्यूस्टनकर कोलाचे म्हणतात, तो टेक्सासातच जन्मला. मोरावियातल्या आजीच्या हातचा पदार्थ टेक्सासचा झाला, कारण कुणीतरी तो पिढ्यानपिढ्या आपल्या घोळक्यात जपला होता. जपलाच नसता, तर वाटायला काय उरलं असतं?

निष्ठेचंही तेच. १८६१मध्ये टेक्सासने संघराज्यातून फुटून निघण्यावर मतदान घेतलं, तेव्हा बहुतेक काउंट्यांचा कौल फुटण्याच्या बाजूने गेला. फेयेट काउंटीचं बहुमत मात्र त्याविरुद्ध होतं आणि त्यात या स्थलांतरितांच्या मतांचा मोठा वाटा होता. प्राहा हे शुलेनबर्गच्या पश्चिमेचं चिमुकलं खेडं, नावही प्रागवरूनच घेतलेलं. चेक भाषेत प्रार्थना करणाऱ्या त्या गावचे नऊ तरुण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेसाठी लढताना मेले. चर्चशेजारच्या दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. तिथे उभी राहिल्यावर, घरी इंग्रजी न बोलणारी माणसं या देशाची होत नाहीत, हे मला पुन्हा म्हणवलं नाही.

या चित्राची दुसरी बाजू लपवली, तर मत बदलल्याचं हे सांगणं अप्रामाणिक होईल. फेयेट काउंटीत गुलामगिरी होती, कापसाची शेती गुलामांच्या कष्टावर उभी होती. पुढे वर्णभेदाच्या कायद्यांच्या काळात या स्थलांतरितांना शाळा, मतपेटी, कचेरी यांची दारं उघडी राहिली, ती ते गोरे होते म्हणूनही. पिढ्यानपिढ्या त्याच मातीत राबलेल्या काळ्या शेजाऱ्यांना ती दारं बंद होती, आणि त्यांचीही आपली चर्च होती, आपल्या मदतमंडळ्या होत्या. तेव्हा आपापल्यात एकजूट केली की सगळं मिळतं, असा धडा या गोष्टीतून काढता येत नाही. दार आतून उघडण्याची तयारी लागते, तसं ते बाहेरूनही उघडावं लागतं. आम्ही भारतीय इथे मोठ्या संख्येने येऊ शकलो ते १९६५च्या स्थलांतरविषयक कायद्यामुळे, आणि तो कायदा काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने बदललेल्या हवेत झाला. आपली बाजू मांडताना हे ऋण विसरता कामा नये.

भाषेचंही खरं ते सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेकडे संशयाने पाहिलं गेलं आणि १९१८मध्ये टेक्सासने शाळांतलं शिक्षण इंग्रजीतच हवं असा कायदा केला. १९२०च्या दशकात युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा आल्या. नवी माणसं येईनाशी झाली, जुनी शेती सोडून शहरात गेली. चेक भाषेत निघणारं ‘नाशिनेत्स’ हे टेक्सासातलं वर्तमानपत्र २०१८मध्ये बंद पडलं. आज शुलेनबर्गच्या पोल्का संग्रहालयात येणाऱ्या पुष्कळांना गाण्यांचे सूर पाठ असतात, शब्द समजत नाहीत. हे मला बोचतं. पण या घसरणीचा दोष घोळक्याने राहण्याला देता येत नाही. घोळका होता तोवरच भाषा होती. आणि भाषा गेल्यावरही एसपीजेएसटी चालू आहे, तिची सभागृहं चालू आहेत आणि प्राहामध्ये १५ ऑगस्टला जत्रा भरते.

माझं वागणं आता बदललं आहे. पालकांना मी घरी इंग्रजी बोला असं सांगत नाही. ज्या भाषेत तुम्हाला मुलाला रागावता येतं, समजावता येतं, गोष्ट सांगता येते, त्या भाषेत बोला. इंग्रजीचं आम्ही शाळेत बघतो, असं सांगते. तुमच्या लोकांचं चर्च, देऊळ, मंडळ कुठे आहे, हेही विचारते. ज्या कुटुंबाला कुणीच नाही, त्याची मला आता जास्त काळजी वाटते. मराठी मंडळात जाऊ लागले आहे. मुलगी मोठी झाली, तिच्या मराठी शाळेचं वय गेलं. ती आता मोठ्यांच्या वर्गात शिकते आणि तो निर्णय तिचा आहे.

अमेरिकेतल्या आणि इतरत्रच्या मराठी मंडळांना मला एकच सांगायचं आहे. गणपती करा, नाटकं आणा, दिवाळी अंक काढा, ते हवंच. पण ला ग्रेंजच्या त्या शेतकऱ्यांनी आधी एकमेकांच्या मरणाची, आगीची आणि आजारपणाची सोय लावली आणि मग नाच केला. आपल्यातला कुणी नोकरी गमावून बसला असेल, म्हातारे आईवडील इंग्रजी येत नाही म्हणून घरात एकटे पडले असतील, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली एखादी बाई अडचणीत असेल, तर मंडळ त्यांच्या कामी आलं पाहिजे. तो निधी उभा करा, ती यादी करा, रात्री-अपरात्री फोन उचलणारी माणसं नेमा. मग खाऊचं ताट घेऊन शेजारच्या दारात जा. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना एक विनंती आहे: तुमच्या गावात बाहेरून आलेली माणसं घोळक्याने राहताना दिसली, तर ती तुमच्यापासून दूर जात आहेत, असं लगेच समजू नका. त्यांना वेळ द्या, आणि तुमच्या बाजूचं दार उघडं ठेवा.