यवतेश्वरचा घाट आणि माझा दम

सातारा म्हटलं की आपल्याला आठवतात कंदी पेढे आणि कासची फुलं. बस्स! पण रनर मंडळींना विचारा, ते सांगतील यवतेश्वरचा घाट. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२पासून याच रस्त्यावर होते. २१ किलोमीटर, जाताना बहुतेक चढच चढ, मग तसंच खाली. २०१५मध्ये इथे डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक धावपटूंचा गिनेस रेकॉर्डही झाला.

मी रेससाठी नाही, जुलैतल्या एका भुरभुर पावसाच्या सकाळी एकटीच गेले. समर्थ मंदिर मागे पडलं की चढाची गंमत सुरू. गंमत कसली, छळच! मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर लाडावलेल्या पोटऱ्या पहिल्या वळणालाच कुरकुरतात. दुसऱ्या वळणावर छातीचा भाता. धुक्यातून अजिंक्यतारा मध्येच दिसतो, मध्येच गायब. पाय म्हणतात 'थांब', पण त्यांना झालेलं काहीच नसतं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबायचंच, तिथे हिरोगिरी नको. नुसता दम लागणं वेगळं. पावलं छोटी करायची, नजर दहा फुटांवर, आणि एक अख्खं वाक्य बोलता येतंय का ते बघायचं. येत असेल तर वेग बरोबर. मी मोठ्याने बोलत होते. एक दूधवाले काका बाइक स्लो करून बघून गेले.

वाक्य कुठलं, तर बाबांना सांगायचं होतं ते. मार्चमध्ये चॅनेलची नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं. तेव्हापासून दर रविवारी फोनवर त्यांचा प्रश्न, "महिन्याला येतात किती?" मग दोघंही पावसापाण्यावर बोलायला लागतो. घाटात निदान पळून जायला जागा नसते. दम लागलाय तर लागलाय, त्याच्यासकट पुढचं वळण घ्यायचं.

उतरताना श्वास सोपा, पण मांड्या सतत ब्रेक मारत असतात. स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यामुळे खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. जिना उलटा उतरायची तयारी ठेवा!

पोवई नाक्यावर चहा घेतला आणि बाबांना फोन लावला. आकडा सांगितला. भाडं वजा जाता उरतात किती, तेही. पलीकडे बराच वेळ शांतता. मीही काही बोलले नाही.

"पीएफला हात लावला नाहीस ना?"

"नाही बाबा."

"लावू नकोस."