ठाऊक असलेली गोष्ट

१९८७ सालच्या जानेवारी महिन्याच्या २५ तारखेपासून भारतातील रविवारची सकाळ निराळी झाली. त्या दिवशी दूरदर्शनवर रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेचा पहिला भाग दाखविण्यात आला. आणि पुढे ३१ जुलै १९८८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, दर रविवारी सकाळी गावोगावचे रस्ते ओस पडू लागले. ज्याच्या घरी दूरदर्शन संच असे त्याच्याकडे सारी आळी लोटे. बायका हातातली कामे लौकर उरकीत, दुकानदार फळ्या लावून घेत, कित्येक घरांत तर संचाला हार घालून उदबत्ती लावीत. आत जागा न मिळालेली मुले खिडकीच्या गजांना लोंबकळत आणि माना वेळावून पडद्याकडे पाहत.

एवढे पाहण्यासारखे तेथे काय होते? गोष्ट तर सर्वांना पाठ होती. रामाला वनवास घडणार, हे ठाऊक नसलेला माणूस त्या गर्दीत शोधूनही सापडला नसता. सुवर्णमृगाच्या मागे राम गेला, लक्ष्मणही गेला, आणि दाराशी गोसावी येऊन उभा राहिला, की कोपऱ्यात बसलेली एखादी आजी पुटपुटे, "नको गं बाई, बाहेर जाऊ नकोस!" सीता बाहेर पाऊल टाकणार हे त्या आजीला परकर नेसण्याच्या वयापासून माहीत होते. तरी ती पुटपुटे, आणि डोळ्यांना पदर लावी.

पुढे काय होणार ही उत्सुकता हाच गोष्टीचा प्राण, असे मानणाऱ्या माणसाला या आजीचे कोडे सहसा उलगडत नाही.

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी जाणत्या लोकांत एक वाद नेहमी रंगतो. काही म्हणतात, कथानक बळकट असले म्हणजे पुरे. नट बेताचे असोत, देखावे ओबडधोबड असोत, प्रेक्षक जागचा हलत नाही. दुसरे म्हणतात, कथानक कोणालाही सुचते; ते मांडावे कसे, कोठे थांबावे, काय दाखवावे आणि काय झाकून ठेवावे, हे कसब ज्याला साधले त्याचीच मालिका खरी. वाद मोठ्या माणसांचा खरा. पण त्याचा संबंध मुलांशीही पोहोचतो. रोज संध्याकाळी घराघरांतून या मालिका तास-अर्धा तास मागून घेतात, आणि मागून नेलेला तो वेळ कोणी परत आणून देत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न अगदी नवा नाही. देवळाच्या सभामंडपात कीर्तनकार उभे राहतात, पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यान हरिश्चंद्राचे असो की ध्रुवाचे, समोरच्या श्रोत्यांनी ते अनेकदा ऐकलेले असते. तरीही सावत्र आई ध्रुवाला बापाच्या मांडीवरून खाली ओढते तो क्षण आला, की बुवा चिपळ्या थांबवतात, पेटी-तबला मुका होतो, आणि सभामंडपात कोणी खोकतसुद्धा नाही. ध्रुवाची गोष्ट सगळ्याच बुवांना येते. "ध्रुव ऐकावा तर अमक्या बुवांकडूनच," असे मात्र लोक एखाद्याविषयीच म्हणतात.

येथे एक शंका घेतलीच पाहिजे. 'रामायण' पाहायला बसणारे लोक कलेच्या ओढीने बसत होते की भक्तीने? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर बहुतेक भक्तीनेच. ती मालिका आज डोळसपणे पाहिली, तर आकाशात एकमेकांवर आदळून विझणारे बाण पाहून हसू येते, आणि एकेका प्रसंगाचा संथपणा सोसावा लागतो. (अरविंद त्रिवेदी यांचा रावण मात्र या टीकेतून वगळावा. ते गडगडाटी हास्य आणि ती दरबारातील चाल ज्याने एकदा पाहिली, त्याच्या मनात दुसरा रावण सहसा शिरत नाही.) तेव्हा रामायणाची लोकप्रियता हा कसबाच्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे करणे न्यायाचे होणार नाही. माणसे ठाऊक असलेली गोष्टही आनंदाने पाहतात, इतकेच त्यावरून कळते.

लगेच पाठोपाठ, २ ऑक्टोबर १९८८ रोजी, बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' सुरू झाले. त्याची पटकथा आणि संवाद राही मासूम रझा यांचे. त्यांच्यापुढे अडचण तीच होती. कौरव-पांडवांची कथा कोणाला ठाऊक नव्हती? त्या मालिकेत निवेदक म्हणून प्रत्यक्ष काळालाच बोलते केले गेले. पडद्यावर कोणी माणूस नाही. फिरते चक्र आहे, आणि हरीश भिमाणी यांचा धीरगंभीर आवाज आहे. या एका योजनेने केवढा फरक पडला! काळाला सारे आधीच ठाऊक असते, आणि प्रेक्षकालाही ठाऊक असते. म्हणून दोघे एकाच उंचीवर उभे राहून खाली पाहू लागतात. द्यूतसभेत युधिष्ठिर फासे हाती घेतो, तेव्हा "आता काय होईल?" हा प्रश्न कोणाच्याच मनात येत नाही. येतो तो दुसराच: "हा अजूनही थांबू शकेल ना?" शेवट माहीत असल्यामुळे गोष्ट फिकी पडली नाही, उलट अधिक बोचू लागली.

पण चोख परीक्षा पाहायची तर देव आणि महाकाव्ये दोन्ही बाजूला ठेवून एखादी अगदी साधी मालिका घ्यावी. आर. के. नारायण यांनी कागदावर 'मालगुडी' नावाचे एक गाव वसविले होते. शंकर नाग या कन्नड नट-दिग्दर्शकाने १९८० नंतरच्या दशकात ते दूरदर्शनवर आणले. चित्रीकरण झाले कर्नाटकात, सह्याद्रीच्या माथ्यावरील आगुंबे या धो धो पावसाच्या गावी. आरंभीची रेखाचित्रे नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची, मुंबईच्या वर्तमानपत्रातून 'सामान्य माणूस' घरोघर पोहोचविणारे ते हेच लक्ष्मण.

या मालगुडीतील स्वामी नावाच्या मुलाची एक गोष्ट पाहावी. वडील वर्तमानपत्रात एका खेड्यातील मुलाची बातमी वाचतात. त्याने म्हणे वाघाशी सामना केला. वडील म्हणतात, धैर्य असले की वयाचे काही नाही. स्वामीला ते पटत नाही, आणि तो वाद घालून बसतो. मग वडील म्हणतात, "असे? तर आज रात्री माझ्या कचेरीच्या खोलीत एकटा नीज!" रोज आजीच्या कुशीत निजणाऱ्या त्या पोराच्या पोटात गोळा येतो. खोलीत अंधार, कायद्याच्या पुस्तकांमागे विंचू आहेत, अशी त्याची खात्री. तो बाकाखाली शिरून अंग चोरून पडून राहतो. मध्यरात्री काहीतरी हलते. आता मरण आलेच अशा भीतीने तो पुढे सरकतो आणि हाती लागलेल्या पायाचा कडकडून चावा घेतो. तो पाय असतो चोराचा!

चोर सापडतो, पोलीस शाबासकी देतात, शाळेत स्वामीचा मान वाढतो. कथानकाचे येथे काम संपले. केवळ कथानकावर भिस्त ठेवणाऱ्याने येथेच हात झटकले असते. फार तर स्वामीला आणखी एक मोठा दरोडेखोर पकडायला पाठविले असते. नारायण यांची गोष्ट मात्र आणखी एक रात्र थांबते. वडील घरी येऊन पाहतात, तो गावचा वीर मुकाट्याने आजीच्या शेजारी झोपी गेलेला आहे. या शेवटच्या प्रसंगात काहीही घडत नाही. पण तो काढून टाकला, तर उरते ती चोर पकडल्याची एक बातमी, आणि तसल्या बातम्या वर्तमानपत्रात पुष्कळ असतात. धैर्य म्हणजे काय, याविषयी वडील आणि मुलगा यांच्यात जो वाद लागला होता, त्याचा निकाल त्या झोपलेल्या मुलाकडे पाहूनच लागतो.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. कारण कथानकाची ओढ ही काही खोटी किंवा हलकी गोष्ट नव्हे. अमेरिकेत 'डॅलस' नावाची एक मालिका होती. टेक्सासमधील एका तेलसम्राट कुटुंबाची ती कथा. २१ मार्च १९८० रोजी दाखविलेल्या भागाच्या शेवटी त्यातील कपटी नायकावर कोणीतरी गोळी झाडली, आणि ती कोणी झाडली हे न सांगताच भाग संपला. उत्तर मिळाले २१ नोव्हेंबरला. मधले आठ महिने लोक घरांत, बाजारांत, कचेऱ्यांत हाच एक प्रश्न एकमेकांना विचारीत होते. उत्तराच्या रात्री आठ कोटींहून अधिक अमेरिकन लोक संचासमोर बसले होते. एवढी शक्ती एका प्रश्नचिन्हात असते! परंतु ते नाव एकदा उच्चारले गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रश्न संपला. फुटलेला फटाका कोणी पुन्हा पेटवून पाहत नाही.

त्याच देशात त्याच्या आधी 'कोलंबो' ही गुप्तपोलिसाची मालिका चालली होती. तिच्या कर्त्यांनी उलटेच धाडस केले. गुन्हा कोणी केला, हे जवळजवळ प्रत्येक भागाच्या आरंभीच दाखवून टाकायचे! रहस्यकथेतील रहस्यच पहिल्या घटकेत देऊन टाकल्यावर उरले काय? उरला तो चुरगळलेला कोट घातलेला, विसराळू दिसणारा एक पोलीस अधिकारी. तो निरोप घेऊन दारापर्यंत जातो, कपाळाला हात लावून परत वळतो आणि आणखी एकच बारीकसा प्रश्न विचारतो. गुन्हेगाराचे हसू त्या प्रश्नासरशी किंचित मावळते. पीटर फॉक या नटाचे ते परत वळणे पाहण्यासाठी लोक तेच तेच भाग पुनःपुन्हा पाहत आले आहेत.

येथे कोणी म्हणेल, प्रसंगांचा क्रम बदलणे हेही कथानकच नव्हे काय? आक्षेप योग्य आहे. कथानक आणि कसब यांच्यामध्ये पक्की भिंत घालता येत नाही. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत दुर्वासांचा शाप नाही, आणि हरवलेली अंगठीही नाही. ती कालिदासाने घातली. ही भर कथानकातली म्हणावी की कसबातली? तिच्यामुळे दुष्यंत निष्ठुर न ठरता अभागी ठरला, आणि प्रेक्षकाला त्याची कीव करता आली. एका अंगठीने हे साधले.

मग आजच्या रोजच्या मालिकांचे काय? संध्याकाळी आजीच्या शेजारी बसून त्या पाहणाऱ्या मुलांना त्यांच्या खुणा तोंडपाठ असतात. शनिवारी दाराची घंटा वाजते. दार उघडते सोमवारी. एखादे पत्र हाती पडले, तर ते वाचून होईपर्यंत घरातील सातही माणसांचे चेहरे एकेक करून दिसतात, आणि प्रत्येक चेहऱ्यामागे ढोल वाजतो. यात लेखकांची बुद्धी कमी पडते असे मानू नये. आठवड्याचे पाच-सहा भाग, वर्षानुवर्षे, ही मागणीच अशी आहे की तिच्यापुढे भल्याभल्यांची लेखणी थकावी. शिवाय प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला डोक्यावर टांगलेले असतात.

गंमत अशी, की ज्या मालिका कथानकावरच जगतात, त्यांच्यातच कथानक सर्वांत कमी असते. कृपणाने गाठीचा शेवटचा रुपया मुठीत घट्ट आवळून बाजारभर हिंडावे, तशी त्यांची अवस्था होते. रहस्य हीच एकुलती एक पुंजी असल्यामुळे ते खर्चायला त्या भितात. म्हणून घंटा वाजते आणि दार उघडत नाही. 'कोलंबो' मात्र आपले रहस्य पहिल्याच घटकेत वाटून टाकू शकतो.

२०२० सालच्या मार्च महिन्यात साथीमुळे सारा देश घरात कोंडला गेला, तेव्हा २८ तारखेपासून दूरदर्शनने तेच जुने 'रामायण' पुन्हा दाखवायला आरंभ केला. खिडकीच्या गजांना लोंबकळणारी मुले आता चाळिशी ओलांडून गेली होती. त्यांची स्वतःची मुले शेजारी चटईवर बसली होती, आणि त्यांतील कित्येकांना ही गोष्ट पुरती ठाऊक नव्हती.

पडद्यावर सोन्याचे हरीण झाडाआडून डोकावले असेल. "बाबा, ते खरे हरीण आहे का हो?" असे एखाद्या मुलीने विचारले असेल. बापाला उत्तर माहीत होते. पण ते त्याने सांगितले नसेल. "बघ," एवढेच म्हणून तो जरा पुढे सरकून बसला असेल. मुलगी हरणाकडे पाहत असेल. बाप पाहत असेल ते सीतेच्या चेहऱ्याकडे. आणि मागच्या खाटेवरून कोणीतरी पुटपुटले असेल, "नको गं बाई..."