गल्लीचा नंबर सांगा, घर सापडतंय!

अहो, इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत! पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली, अशा ओळीनं! आणि नुसते नगरपालिकेच्या कागदावर नाहीत हं, माणसं खरोखर तसंच बोलतात! 'सहाव्या गल्लीत बारसं आहे.' 'चौथ्या गल्लीतनं येताना दूध घेऊन ये.' 'त्यो व्हय, आठव्या गल्लीतला!' जयसिंगपूरकरांना यात काहीच विशेष वाटत नाही. मला मात्र भर रस्त्यात उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! भाड्यानं घर शोधणाऱ्याला पत्ता म्हणजे काय छळ असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मारुतीच्या देवळामागून आत या, मग पिंपळ लागेल, मग बंद पडलेली गिरणी, आणि मग तिथून फोन करा. इथं? पाचवी गल्ली. संपलं! चौथीच्या पुढं आणि सहावीच्या अलीकडं!

आधीच सांगते, मला नगररचनेतलं काही कळत नाही. जागेच्या व्यवहारातलंही नाही. मी मिरजेत नोकरी करते, नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत, आणि आम्हा दोघांना परवडेल, रात्री झोप लागेल आणि सकाळी दोघांनाही वेळेवर कामावर पोचता येईल असं घर हवंय. एवढंच. कोल्हापुरात घर घेतलं तर माझा सगळा दिवस गाडीत, सांगली-मिरजेत घेतलं तर त्याचा. आणि दोन्हीकडं ऐन वस्तीतली भाडी ऐकली की आवंढा गिळायचा, आणि मग थोडं स्वस्त म्हणून जे घर दाखवतील ते नेमकं चौकावर, खाली बेकरी, समोर रिक्षा स्टँड! एका रात्री आम्ही फोनवर नकाशा उघडून बसलो, कोल्हापूर एका टोकाला, मिरज दुसऱ्या टोकाला, आणि मी बोट सरकवत सरकवत आणलं आणि म्हटलं, "अहो, हे बघा की! जयसिंगपूर! इथं उतरायचा कधी विचारच केला नाही आपण!" गाडीतून कितीदा गेलो असू इथून! खिडकीतून फलाट बघायचा, चहावाला बघायचा, पुढं जायचं. शहर बघायचं राहूनच गेलं!

आणि मग आम्ही उतरलो. आणि मग माझं तोंड बंद होईना!

रस्ते सरळ आहेत! सरळ म्हणजे सरळ! एक रस्ता दुसऱ्याला काटकोनात छेदतो, पुढचा पुन्हा काटकोनात, आणि तुम्ही कोपऱ्यावर उभं राहिलात की गल्लीचं पार दुसरं टोक दिसतं! आपल्याकडची जुनी गावं म्हणजे वाडा, मग वाड्याला वळसा, मग बोळ, मग बोळातून बोळ. हे असं कुणी केलं? तर शाहू महाराजांनी! राजर्षी शाहू महाराजांनी हे शहर आखून वसवलं आणि त्याला नाव दिलं आपल्या जन्मदात्या वडिलांचं, कागलच्या जयसिंगराव घाटगे यांचं. १८८४ मध्ये नऊ वर्षांचा मुलगा कागलहून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला, यशवंतरावाचा शाहू झाला, आणि पुढं राजा झाल्यावर त्यानं एक अख्खं शहर वसवून त्याला त्या वडिलांचं नाव दिलं! मी हे आधी कुठंतरी वाचलं असणार, शाळेत शिकलेही असणार. पण त्या सरळ रस्त्यावर उभी राहून ते आठवलं तेव्हा घशात आलं माझ्या. खरंच!

आणि जागा बघा कुठली! कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली, संस्थानची रेल्वे. शाहू महाराजांच्या हाती कारभार आला १८९४ मध्ये. लगेच पुढच्या वर्षी कोल्हापुरात त्यांनी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली. आणि हे जयसिंगपूर पण त्याच रुळांना लागून! माल गाडीत चढवायचा, गाडीतून उतरवायचा, दुकानदारानं पेठेतच राहायचं, आणि त्यासाठी रुंद रस्ते हवेत, बैलगाड्या वळायला जागा हवी, आणि मग हे सगळं आधी आखायचं आणि मग बांधायचं! तंबाखूच्या व्यापारानं हे गाव पुढं नावारूपाला आलं. म्हणजे बघा, तेव्हा व्यापाऱ्यांना जे हवं होतं, स्टेशनजवळचं, मोकळं, सुटसुटीत गाव, तेच आज मला हवंय. फक्त माझ्याकडं पोती नाहीत, डबा आणि पर्स आहे!

आता गाड्या. इथं तर मी नाचलेच! कोल्हापूर, गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर, आणि मग एकदम मिरज! पुढचंच स्टेशन! मध्ये कृष्णेचा पूल, आणि पूल ओलांडला की मिरज आलीच! पॅसेंजर आहे, पास काढायचा आणि महिनाभर तिकिटाच्या रांगेचं नाव काढायचं नाही. एकच गोष्ट ध्यानात ठेवायची. हा मार्ग एकेरी आहे, समोरून गाडी येत असली की आपली गाडी क्रॉसिंगला थांबते, म्हणून अगदी काट्यावर काटा ठेवून निघायचं नाही, अलीकडची गाडी धरायची. हे मला फलाटावरच्या एका ताईंनी सांगितलं. रोज मिरजेला जाणाऱ्या. त्यांनी मला डब्यात कुठं बसायला मिळतं तेसुद्धा सांगितलं, आणि मग परतीच्या गाडीला कुठल्या बाजूला ऊन लागत नाही तेही! ओळख ना पाळख!

आणि नवऱ्याचं काय? त्याला रेल्वेचा उपयोग नाही. पण त्याच्यासाठी एसटी आहे की! सांगली-कोल्हापूर रस्ता जयसिंगपुरातून जातो आणि शिरोलीला सांगली फाट्यावर पुणे-बेंगळुरू महामार्गाला मिळतो. म्हणजे तो घराजवळ बसणार आणि सांगली फाट्यावर उतरणार, समोर एमआयडीसी! एकाच गावातून एक पूर्वेला, एक पश्चिमेला, दोघंही थेट! आणि एसटीचा मासिक पास कसा असतो माहितीये? वीस दिवसांचं भाडं भरायचं आणि तीस दिवस प्रवास करायचा! तीन महिन्यांचा घेतला तर पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस! मी तिथल्या तिथं हिशेब केला. पंचवीस-सव्वीस दिवस कामावर जाणाऱ्याचे वीस दिवसांवरचे सगळे दिवस फुकट! आणि माझी गाडी चुकली तर मी सरळ एसटीनं जाईन, कारण मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे. अर्धं! भाड्यात काय वाचतंय, प्रवासात काय वाचतंय, मी वहीच्या मागच्या पानावर मांडत सुटले.

घराचं भाडं नुसतं बघायचं नाही हो! हे मला आत्ता कळलं आणि मी दिसेल त्याला सांगत सुटलेय! भाडं अधिक प्रवास, अधिक रिक्षा, अधिक रोजचे दोन-तीन तास! स्टेशनपासून चालत जाता येत असेल तर भाडं थोडं जास्त असलं तरी ते घर स्वस्त. आणि लांबचं स्वस्त घर घेऊन रोज दुचाकी स्टँडला लावायची असेल तर ते महाग. जयसिंगपुरात आम्ही घड्याळ लावून स्टेशनवरून गल्ल्यागल्ल्यांतून चाललो. नंबर असल्यामुळं हिशेब किती सोपा! अमक्या गल्लीपर्यंत माझे पाय रोज आनंदानं जातील, त्याच्या पुढं कुरकुरतील. रेघ मारली, झालं!

आता शांतता. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, नीट ऐका! गाव शांत आहे असं म्हणून चालत नाही, कुठली गल्ली आणि गल्लीतलं कितवं घर ते बघायचं. कारण हा उसाचा मुलूख आहे! शिरोळचा दत्त कारखाना जवळ, आसपास आणखी कारखाने, आणि हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर. आणि नुसते ट्रॅक्टर नाहीत, त्यावर गाणी! मोठ्यानं! रात्री दोन वाजता! ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून लावतात, मला त्याचं काही वाईट वाटत नाही, बिचाऱ्यानं जागं राहायलाच हवं. पण आपली खिडकी त्या रस्त्यावर नको! म्हणून मुख्य रस्ता सोडून आत जायचं, आणि गल्लीच्या तोंडाचं घर न घेता मधलं घ्यायचं. आम्ही रात्री जेवण झाल्यावर मुद्दाम पुन्हा गेलो आणि एका मधल्या गल्लीत नुसते उभे राहिलो, आणि मग ऐकायला लागलो. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी. कुठंतरी टीव्हीवर मालिका. लांबून गाडीचा भोंगा. बास! मुख्य रस्ता इतका जवळ आणि तरी बास! रस्ते सरळ असले की अवजड गाडीला गल्लीत शिरायचं कारणच उरत नाही, मला तरी असंच वाटतंय. मंगल कार्यालय किती लांब आहे तेही बघा. हे विसरू नका!

आणि ऊस परिषदेच्या दिवशी? त्या दिवशी शांतता मागूच नये! राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद इथंच भरते, विक्रमसिंह मैदानावर, आणि शिवारातली माणसं इथं लोटतात, उसाला काय दर मागायचा ते इथं ठरतं. ज्या भावावर अख्ख्या भागाचा संसार चालतो त्याची घोषणा माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर! मी तर जाणार बघायला!

पण एक गोष्ट गंभीरपणे. पूर. शिरोळ तालुका म्हणजे नद्यांचा तालुका, कृष्णा आणि पंचगंगा इथंच नृसिंहवाडीला भेटतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं तेव्हा तालुक्यातली कितीतरी गावं सोडून माणसांना बाहेर पडावं लागलं, आणि जयसिंगपूर त्यांना आसरा देणाऱ्या गावांतलं एक होतं. २०२१ मध्ये पुन्हा पाणी. म्हणून कुठलंही घर बघताना आम्ही एकच प्रश्न आधी विचारला, एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं? एजंटला नाही, शेजाऱ्याला! आणि दुसरा प्रश्न, रस्ता किती दिवस बंद होता? कारण घर कोरडं राहिलं तरी सांगलीकडचा रस्ता पाण्याखाली गेला की कामावर कसं जायचं! एका काकूंना विचारलं तर त्यांनी आम्हाला आत बोलावून चहा दिला, "बसा की, सांगते," म्हणाल्या, आणि मग त्या दिवसांत त्यांच्या घरी राहिलेल्या माणसांच्या गोष्टी सांगत बसल्या, किती भाकरी थापल्या, कुणाची म्हैस कुठं बांधली. घरभाडं विचारायला गेलो होतो आम्ही! उठवेना तिथून!

आणि हो, करार. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवून घ्या, कायदाच आहे तसा, महाराष्ट्रात भाड्याचा प्रत्येक करार नोंदवावा लागतो. पाणी किती वेळ येतं, टाकी कुणाची, विजेचा मीटर वेगळा आहे का, तेही त्याच बैठकीत. मालकाला राग येत नाही. उलट चांगला भाडेकरू म्हणतात!

तर आता अडलंय कुठं ते सांगते. दोन घरं उरलीत! एक सहाव्या गल्लीत, वरचा मजला, गॅलरी, पण पश्चिमेचं ऊन. दुसरं आठव्या गल्लीत, तळमजला, मागं परसू, परसात नारळ, पण स्टेशन थोडं लांब. नवरा म्हणतो आठवी, मी म्हणते सहावी, आणि मग संध्याकाळी मी म्हणते आठवी आणि तो म्हणतो सहावी! तुम्ही जाऊन बघा ना! नृसिंहवाडीला जायचं म्हणून निघा, वाडीचं जवळचं स्टेशन हेच, येताना कवठाची बर्फी घ्या आणि स्टेशनवरून दोन्ही गल्ल्यांपर्यंत चालत जा. कुणालाही विचारा, सहावी कुठं, आठवी कुठं. उन्हातून गेलात तर बरं, गॅलरीचा अंदाज येईल. आणि मला कळवा, लवकर, मालकांना उत्तर द्यायचंय!